अपवाद नाही

बोरशिंगी नगरपरिषदेच्या सभागृहात त्या दिवशी एक कुत्रा आणला होता. काळा, उंच, एका कानाचा तुकडा गेलेला, गळ्यात राखाडी पट्टा. स्वच्छता विभागातल्या दोघांनी त्याला दोऱ्यांनी धरून ठेवलं होतं. तिसरा, धनराज, उजव्या हाताला पोत्याचं जाड कापड गुंडाळून त्याच्या समोर उभा होता. नगरसेवकांनी आपापल्या खुर्च्या मागे सरकवल्या होत्या.

"सोडा," डॉक्टर नसरीन काझी म्हणाल्या. त्या नगरपरिषदेच्या पशुवैद्यकीय अधिकारी.

दोऱ्या सैल झाल्या. धनराजने हात पुढे केला. कुत्रा गुरगुरला, झेपावला आणि मध्येच थांबला. मागचे पाय ताणलेले, पुढचा एक पंजा उचललेला, जबडा अर्धा उघडा. गुरगुरही तुटली. छताचा पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने कुत्र्याच्या पाठीवरचे केस हलत होते. बाकी काही हलत नव्हतं.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "डॉक्टर, हा पट्टा विरोधकांच्या गळ्यात बसवता येईल का?"

"आधी अध्यक्षांना बसवून बघा," समोरून उत्तर आलं. "की बसवलाच आहे? निवडून आल्यापासून साहेब हललेले दिसत नाहीत!"

हशा झाला. अध्यक्षही हसले. नगरसेविका रेवती भोंगाडे मात्र हसली नाही. ती कुत्र्याच्या उघड्या जबड्याकडे पाहत होती. तो मिटत नव्हता.

हा पट्टा काय करतो, ते आधी नीट समजून घेऊ. माळावरून चालताना कधी एकदम समोर ससा आलेला पाहिला आहे का? पळण्याआधी तो क्षणभर दगडासारखा होतो. त्याने तसं ठरवलेलं नसतं. मेंदूच्या तळाशी करंगळीच्या पेराहूनही लहान असा एक भाग असतो. लढायचं, पळायचं की थिजायचं, हे संकटाच्या वेळी तो भाग ठरवतो, आणि विचार करायला वेळ मिळण्याआधीच ठरवतो. कुत्र्यात तो भाग असतो, तुमच्याआमच्यातही असतो. परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर हात लिहीनासे होतात, तेव्हा हाच भाग आपलं काम करत असतो.

पट्टा दोन कामं करायचा. गळ्यापाशी राहून कुत्र्याचा श्वास, हृदयाचे ठोके आणि जबड्याच्या स्नायूंची हालचाल सतत मोजायचा. ही जुळणी चाव्यासारखी दिसली, की आपल्याला ऐकूही न येणाऱ्या ध्वनिलहरी बारीक झोताने मेंदूच्या त्याच भागावर सोडायचा. कुत्रा थिजायचा. समोरचा माणूस दूर गेला आणि कुत्र्याची ओढ थांबली की झोत बंद, कुत्रा मोकळा. मारहाण नाही, विष नाही, पिंजरा नाही.

पण कोणती जुळणी चाव्याची, हे पट्ट्याला शिकवावं लागतं. मुलाला 'क' शिकवताना आपण अनेक 'क' दाखवतो, तसंच. बोरशिंगीत ते शिक्षण धनराजच्या हातावर झालं होतं. पोतं गुंडाळलेला हात भटक्या कुत्र्यांसमोर धरायचा, कुत्रा हात तोंडात घेई, पट्टा त्याची नोंद करी. घरातली कुत्री खेळताना हात तोंडात धरतात, त्याच्याही नोंदी घ्याव्यात, असं डॉक्टर काझी समितीत म्हणाल्या होत्या. रेवतीने ते होऊ दिलं नव्हतं.

"खेळातलं तोंड वेगळं आणि खुनशी तोंड वेगळं, असं म्हणायला लागलो की सूट आलीच," ती म्हणाली होती. "माणसाचा हात कुत्र्याच्या तोंडात जाणार नाही. एवढंच शिकवा त्याला."

तिला कोणी उलट बोललं नव्हतं. कारण सगळ्यांना ओजस माहीत होता.

सहा वर्षांपूर्वी ठोंबऱ्यांच्या जिनिंग मिलच्या फाटकातून दोन राखणीचे कुत्रे बाहेर आले होते आणि शाळेतून घरी येणारा रेवतीचा मुलगा ओजस त्यांच्या वाटेत सापडला होता. तो वाचला नाही. नंतर चौकशी झाली. राखणीच्या कुत्र्यांना नगरपरिषदेच्या नियमातून सूट होती, त्यामुळे कोणाचाच दोष निघाला नाही. पुढच्या निवडणुकीला रेवती उभी राहिली, ती एवढ्या एका गोष्टीसाठी. प्रत्येक कुत्र्याला पट्टा घालण्याच्या नव्या उपविधीचं नववं कलम तिने स्वतः लिहिलं होतं: कोणत्याही कारणाने कोणत्याही कुत्र्याला सूट मिळणार नाही, आणि पट्टा काढणारा नगरसेवक असेल तर त्याचं पद जाईल.

उपविधीवरचं मतदान सभागृहातल्या त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिची धाकटी जाऊ मालन अंगणात तूर पाखडत बसली होती. दोन्ही भावांची घरं समोरासमोर, अंगण एकच.

"ताई, एक बोलू?" सूप खाली ठेवत मालन म्हणाली. "आमच्या भुऱ्याला पट्टा नको."

"सगळ्यांना आहे, मालन."

"तो चावत नाही हो. धरतो. तुम्ही पाहिलंय ना!"

रेवतीने पाहिलं होतं. मालनच्या लेकीला, तन्मयीला म्हणजे तनूला, लहानपणापासून फिट येत असे. फिट येण्याआधी माणसाच्या अंगाचा वास किंचित बदलतो, असं डॉक्टर सांगतात. तो बदल आपल्याला कळत नाही, पण काही कुत्र्यांना कळतो. भुऱ्याला कोणी शिकवलं नव्हतं. तनू पाच वर्षांची असताना एकदा त्याने तिचं मनगट तोंडात धरलं आणि ती खाली बसेपर्यंत ओढत राहिला. मालन काठी घेऊन धावली. तिने काठी उगारली तोच तनूला फिट आली. तेव्हापासून तसंच चाललं होतं. भुऱ्याने मनगट धरलं की तनू असेल तिथे बसायची. मनगटावर कधी ओरखडाही उठला नव्हता.

"एका कुत्र्याला सूट दिली की उद्या ठोंबरे दारात उभे राहतील," रेवती म्हणाली.

"माझी तनू आणि ठोंबऱ्यांचे कुत्रे एका तागडीत घालता?"

"मी नाही घालत. कायदा घालतो."

"कायदा तुम्हीच लिहिलाय ना?" मालनने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

उपविधी सर्वानुमते मंजूर झाला.

महिन्याभरात गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात राखाडी पट्टा आला. चावे बंद झाले. सरकारी दवाखान्यातली रेबीजची इंजेक्शनं तशीच पडून राहू लागली. कुत्री मोटारसायकलींमागे धावायला निघायची आणि थिजायची. भांडायला निघायची आणि थिजायची. मोठ्याने भुंकण्याआधीची छातीची ओढही पट्ट्याला चाव्याच्या तयारीसारखी वाटे, म्हणून हळूहळू भुंकणंही बंद झालं. पोरांना नवा खेळ मिळाला. ती कुत्र्याच्या तोंडापुढे हात नाचवायची, ओरडायची, "स्टॅच्यू!" कुत्रा उभाच राहायचा. मग पोरं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, शेपटीला रिबीन बांधायची. त्याचे डोळे तेवढे पोरांच्या मागे फिरायचे.

रेवती रोज सकाळी नगरपरिषदेत जाताना वाट वाकडी करून मिलवरून जाऊ लागली. तिची चाहूल लागली की राखणीचे दोन्ही कुत्रे जाळीकडे झेपावत यायचे आणि जाळीला नाक लागायच्या आत थिजायचे. ते ओजसच्या वेळचे कुत्रे नव्हते, ते तिला ठाऊक होतं. तरी ती त्यांच्यासमोर उभी राहायची. ती जाईपर्यंत त्यांना हलता येत नसे, म्हणून ती सावकाश जायची. तिला बरं वाटायचं. घरात ओजसच्या खोलीचं दार तिने पुन्हा उघडं ठेवायला सुरुवात केली.

कुरडया घालायचे दिवस होते. तनू वाळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवरून उतरत होती. मालन खाली उभी होती. नंतर तिने रेवतीला सांगितलं ते एवढंच. भुऱ्या धावत जिन्यावर आला, तनूच्या हाताकडे तोंड नेलं आणि थिजला. तनू म्हणाली, "अरे सरक ना, वेड्या." त्याला ओलांडून ती पुढची पायरी उतरली आणि फिट आली.

कपाळाला टाके पडले. डाव्या हाताचं हाड मोडलं.

"तो उभा होता ताई," दवाखान्याच्या बाकावर बसून मालन म्हणाली. "ती पायऱ्यांवरून गडगडत खाली येत होती आणि तो तोंड उघडं ठेवून बघत उभा होता. तुमच्या ओजसच्या वेळी त्या कुत्र्यांना कोणी थांबवलं नाही. माझ्या तनूच्या वेळी तुम्ही थांबवलंत."

रेवतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मालनने तो काढून बाकावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

दुसऱ्या दिवशी रेवती डॉक्टर काझींच्या खोलीत गेली. भिंतीवरच्या पडद्यावर गावाचा नकाशा होता. चालती कुत्री हिरवे ठिपके, थिजलेली लाल.

"भुऱ्याचं दाखवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांच्या दोन रेषा काढून दाखवल्या. "ही खालची साधी, रानातल्या सशाची. ससा खरोखर थिजतो तेव्हा त्याचे ठोके मंदावतात. शरीरच म्हणतं, आता गप्प राहा. आणि ही वरची भुऱ्याची."

वरची रेषा डोंगरासारखी चढत गेली होती आणि वरच राहिली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे अंग थांबलंय, तो थांबलेला नाही. आत तो अजून धावतोय. त्याने एकदा नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न केलेत. प्रत्येक वेळी पट्ट्याने अडवलं. आपल्या पट्ट्याला एकच धडा दिला होता ना आपण. हात तोंडात म्हणजे चावा."

'आपण' हा शब्द डॉक्टरांनी चांगुलपणाने वापरला होता. रेवतीला ते कळलं.

"फक्त भुऱ्याचं असं होतं?"

"सगळ्यांचंच. आम्हाला वाटलं होतं, सवय होईल, ठोके उतरतील. नाही उतरले." त्यांनी नकाशाच्या कडेला बोट ठेवलं. "मिलवरचे हे दोन बघा. रोज सकाळी यांना कोणीतरी खूप वेळ थिजवून ठेवतं. मुद्दाम समोर उभं राहत असावं. एकाचं हृदय आता बिघडलंय."

डॉक्टर पडद्याकडे पाहत होत्या. रेवतीही पडद्याकडेच पाहत राहिली. गावभर लाल ठिपके होते. दुकानांपुढे, घरांपुढे, नाल्याच्या कडेला, एकेकटे. प्रत्येक ठिपक्याच्या आत काहीतरी जोरजोरात धडकत होतं आणि बाहेर कसलाही आवाज नव्हता. त्या दिवसापासून ती मिलच्या वाटेने गेली नाही. पण ज्या वाटेने जाई तिथेही कोणी ना कोणी उभं असेच, तोंड अर्धं उघडं, डोळे तिच्यावर. ओजसच्या खोलीचं दार तिने पुन्हा लावून घेतलं.

विशेष सभा बोलावली गेली. मागणी मालनने केली होती, पण ठराव मांडला बाबाराव ठोंबऱ्यांनी, जिनिंग मिलचे मालक आणि आता नगरसेवकही. ठरावात लिहिलं होतं, 'काम करणाऱ्या श्वानांना पट्ट्यातून सूट द्यावी.'

"एका लेकराचा प्रश्न आहे," ठोंबरे म्हणाले. "कायद्याला काळीज असावं की नाही?"

रेवती उठली. "काम करणारे म्हणजे कोणते?"

"मदत करणारे, राखण करणारे. कामच की ते!"

"मदतीचे वेगळे करा. मी आत्ता हात वर करते."

मुख्याधिकाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. "मॅडम, विधी सल्लागारांचं मत घेतलंय. दोघांची एकच वर्गवारी आहे. एकाला दिली तर दुसऱ्याला नाकारता येणार नाही."

"भोंगाडेताई," ठोंबरे हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या घरातलीच पोर आहे. आता तरी राग सोडा."

हात मोजले. निम्मे वर, निम्मे खाली. अध्यक्षांनी रेवतीकडे पाहिलं. तिचा हात अजून कुठेच नव्हता. पाहुण्यांच्या बाकावर मालन बसली होती आणि तिच्याजवळ कपाळाला पट्टी बांधलेली तनू. तनूने मोठ्या आईला पाहून प्लॅस्टरमधला हात जरासा हलवला. ती रेवतीला 'मोठी आई' म्हणायची.

मिलचं फाटक शाळेच्या रस्त्यावर होतं. त्या रस्त्याने अजूनही मुलं जात होती.

"विरोधात," रेवती म्हणाली.

मालन उठली, तनूला धरून बाहेर गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही.

रेवती घरी आली ती थेट अंगणात. भुऱ्या पायरीशी बसला होता. मालन दारात उभी राहून पाहत होती. रेवतीने आपल्या घरातून पक्कड आणली, भुऱ्यासमोर बसली आणि पट्ट्याखाली पकडीचं तोंड घातलं. पट्टा चिवट होता. तारा एकेक करून तुटल्या. शेवटची तुटली तशी पट्ट्यातून बारीक शिट्टी निघाली. म्हणजे नगरपरिषदेत कळलं होतं.

"हे काय केलंत?" मालन म्हणाली. "तिथे नाही म्हणालात आणि इथे..."

"तिथे सगळ्या गावाचं होतं. इथे गुन्हा माझा एकटीचा आहे. जाईल ते माझं जाईल."

आठवड्यात तिचं पद गेलं. भुऱ्याला पुन्हा पट्टा घाला म्हणून नोटीस आली. रेवतीने ती न उघडता परत पाठवली.

पण जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. तनूला पुन्हा फिट आली तेव्हा भुऱ्या धावत आला, मनगटाकडे तोंड नेलं आणि थिजला. गळ्यात पट्टा नव्हता, नुसतं केस झडलेलं वर्तुळ होतं. तनू पलंगावर होती म्हणून वाचली.

रेवतीने डॉक्टर काझींना बोलावलं. त्यांनी भुऱ्याला तपासलं, त्याच्या कानामागे खाजवलं.

"पट्टा शिकत होता, तसा हाही शिकत होता," त्या म्हणाल्या. "हात तोंडाजवळ आला की अंग दगड होतं, हे मेंदूने पाठ केलंय. आता झोताची गरज उरलेली नाही."

"विसरेल?"

"सांगता येत नाही. पण रेवतीताई, त्याला वास अजून येतोय. धावत येतोय म्हणजे कळतंय त्याला. फक्त शेवटचं पाऊल टाकता येत नाही."

रेवतीने भुऱ्याच्या गळ्यावरच्या वर्तुळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "ते पाऊल मला टाकता येईल."

तेव्हापासून ती दिवसभर अंगणात बसू लागली. तनू शाळेत जाई तेव्हा रेवती भुऱ्यासोबत शाळेच्या व्हरांड्यात बसे. बाई आधी कुरकुरल्या, मग त्यांनीच खुर्ची आणून दिली. मालन तिच्याशी फारसं बोलत नव्हती. दुपारी चहाचा कप मात्र तिच्या बाजूला ठेवून जायची.

एका सुटीच्या दुपारी तनू ओट्यावर चिंचोके खेळत होती. रेवती शेंगा सोलत होती. भुऱ्या सावलीतून उठला, नाक वर केलं आणि तनूकडे धावला. तिच्या मनगटापाशी तोंड उघडून थिजला. त्याच्या फासळ्यांआड ठोके डोळ्यांना दिसत होते.

रेवतीने शेंगा टाकल्या आणि तनूचं मनगट धरलं.

"आता, मोठी आई?"

"आता. खाली ये बाळा. माझ्या मांडीवर."

तनू ओट्यावरून उतरली, रेवतीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. फिट आली आणि गेली. रेवतीने मनगट सोडलं नाही. दुसरा हात तिने भुऱ्याच्या छातीवर ठेवला होता. तिथले ठोके हळूहळू उतरत होते. पट्टा घातल्यापासून पहिल्यांदाच ते उतरत होते.

मालन धावत आली होती. तिने तनूचं तोंड पुसलं, आणि मग रेवतीचंही पुसलं, कारण तेही ओलं होतं.

रेवतीने मान वर केली. अंगणाच्या फाटकातून गल्ली दिसत होती. गल्लीच्या टोकाला एक पांढरी कुत्री एका बंद दारापुढे उभी होती. गळ्यात राखाडी पट्टा, पंजा दारावर मारायला उचललेला, तोंड अर्धं उघडं. भाजीवाला तिला वळसा घालून गेला. दोन पोरं जाता जाता "स्टॅच्यू!" ओरडली आणि हसत पुढे गेली. रेवती सकाळी दूध घ्यायला गेली होती तेव्हाही ती कुत्री तिथेच उभी होती. तेव्हा रेवतीही तिला वळसा घालूनच गेली होती.

"मालन," ती म्हणाली, "त्या शेवटच्या घरात कोण राहतं गं?"

"सखूआत्या. एकट्याच असतात. ती कुत्री त्यांचीच. का हो?"

रेवतीने तनूचं मनगट मालनच्या हातात दिलं आणि पायात काही न घालता ती गल्लीतून धावत सुटली.